पत्रकातली गिधाडं

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा कारखान्यात फिटर होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांत कॉटखाली कायम कागदांचे गठ्ठे असत. गुलाबी, पिवळे, पातळ, बोटांना शाई लावणारे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवायची आणि कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचायची. ‘धिक्कार’ आणि ‘एकजूट’ हे शब्द मला ‘बदक’ आणि ‘कमळ’ यांच्या आधी लिहिता यायला लागले.

बाबांच्या पत्रकांत माणसं कमी आणि जनावरं जास्त असत. मालक लांडगा असायचा, ठेकेदार बोका, पक्ष बदललेला पुढारी सरडा. सगळ्यांत वाईट माणसासाठी एक शब्द राखून ठेवलेला होता, गिधाड. तो सहसा मथळ्यात यायचा, जाड ठशात. पाचवीत असताना माझ्या डब्यातली पोळी पळवणाऱ्या मुलीला मी भर वर्गात गिधाड म्हटलं आणि बाईंनी मला तासभर उभं केलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, एका पोळीसाठी हा शब्द वापरू नये, बोका चाललं असतं. शब्दाची किंमत ओळखायची असते, हा धडा त्यांनी मला असा दिला. त्यांनी किंवा मी गिधाड कधी पाहिलेलं नव्हतं, हे तेव्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

घारी मात्र मी रोज पाहायची. भाजीबाजाराच्या वर त्या घिरट्या घालत आणि एखाद्या बाईच्या हातातला भज्याचा कागद उचलून नेत. शाळेमागच्या लिंबावर एक शिकरा बसायचा आणि पारव्यांमध्ये पळापळ करून सोडायचा. आमच्या गल्लीतल्या देवळाच्या भिंतीवर पंख छाटलेला एक मोठा पक्षी रंगवलेला होता. पळवून नेलेल्या बाईसाठी लढला आणि पडला, त्याची गोष्ट पंचवटीत कुणाला सांगावी लागत नाही. गोष्टीत तो गिधाडांच्या कुळातला आहे. रंगाऱ्याने मात्र त्याला गरुडाची चोच दिली होती, मानेवर भरघोस सोनेरी पिसं दिली होती. देवळात यायचं तर गिधाडाला गरुडाचं सोंग घ्यावं लागत होतं, आणि आम्ही त्याला रोज नमस्कार करून शाळेत जात होतो.

मोठी झाल्यावर मी पत्रकं लिहू लागले. कॉलेजच्या वाचनालयात एकदा शब्दकोश उघडून बसले होते. ‘शिकारी पक्षी’ या नावाखाली घार, ससाणा, शिकरा, गरुड, घुबड आणि शेवटी गिधाड, असे सगळे एका रांगेत होते. गिधाडाला दोन अर्थ दिलेले होते, पहिला पक्ष्याचा आणि दुसरा अधाशी, लुटारू माणसाचा. मला दुसरा हवा होता. पहिला मी वाचलाही नाही.

गेल्या वर्षी होळीच्या आधी मी जे पत्रक लिहिलं त्याचा मथळा होता, ‘डोंगराखाली गिधाडं उतरली!’ पेठच्या बाजूच्या डोंगरांत जमिनीचे दलाल फिरत होते. फार्महाऊससाठी उतार बघायचे, कोऱ्या कागदावर अंगठे घ्यायचे. मथळा वाचून बाबांनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांना एखादी गोष्ट मनापासून आवडली की ते तसं करतात. पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी पेठ रस्त्याच्या बसने निघाले, पुढे जीपने, आणि शेवटचा चढ पायी चढून एका पाड्यावर पोचले. पाड्याच्या मागे काळ्या दगडाचा उभा कडा होता. त्याच्यावर वरून खाली पांढरे ओघळ आले होते, कुणी चुन्याच्या बादल्या उपड्या केल्यासारखे.

मी उतरले त्या घरच्या बाईंना मी मावशी म्हणू लागले. एकट्याच राहायच्या, नवरा गेलेला, मुलगा द्राक्षाच्या कामाला बाहेर. दारात त्यांचा बैल आडवा पडलेला होता. नाल्यात घसरून मागचा पाय गेला होता आणि दोन दिवस तो उठला नव्हता. तालुक्याचे ढोरांचे डॉक्टर येऊन सुई देऊन गेले होते आणि आता वय झालंय, फार आशा ठेवू नका, असं सांगून गेले होते. मावशी त्याच्या तोंडाशी पाणी धरून बसल्या होत्या. बोलायच्या माझ्याशी, पण बघायच्या त्याच्याकडे.

दुपारी लोक समाजमंदिरात जमले आणि मी पत्रक वाचून दाखवलं. मथळा मोठ्याने वाचला तेव्हा एक-दोन बाया हसल्या. मला वाटलं, भिडलं. वाचून संपल्यावर भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं,

“बाय, तू गिधाड पाह्यलं हाय का?”

मी म्हटलं, “नाही आजोबा. पण अर्थ माहिताय.”

आता सगळेच हसले. आजोबा हसले नाहीत. म्हणाले, “ते मेल्याबिगर खाली उतरत नाय. जित्याला चोच लावत नाय. हे जमीनवाले तर आम्ही जिते असतानाच येतात. मग त्याला कशाला शिव्या घालतीस?”

मी काहीतरी उत्तर दिलं. लोकांना समजेल असा शब्द वापरावा लागतो, वगैरे. माझ्याच कानाला ते पोकळ लागलं. पत्रक लोकांसाठी असतं असं मी लहानपणापासून ऐकत आले होते, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्या लोकांना मथळा हास्यास्पद वाटला होता. मला राग आला, आधी त्यांचा आणि मग हळूहळू स्वतःचा.

आजोबाच मला त्या संध्याकाळी माळावर घेऊन गेले. गिधाडांच्या जेवणाची जागा सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. वनखात्याने तिला तारेचं कुंपण घालून दिलेलं होतं, आत सपाट कातळ, आणि कातळावर धुतल्यासारखी पांढरी हाडं. त्यांच्या तरुणपणी मोहाच्या झाडांवर गिधाडं इतकी बसायची की फांद्या वाकायच्या, असं त्यांनी सांगितलं. मग काही वर्षांत ती दिसेनाशी झाली. मेलेली ढोरं कुजत पडायला लागली, कुत्री माजली. कुणाला कारण कळेना. पुढे समजलं की आजारी ढोरांना दुखणं थांबवायला जी सुई देत होते, तिनेच ती मेली. ढोर सुई घेऊन मरायचं, गिधाड ते ढोर खायचं आणि दोन-तीन दिवसांत मान टाकायचं.

“आम्ही ढोराची दया केली,” आजोबा म्हणाले, “आणि यांना मारलं.”

कड्यावर आता थोडीच जोडपी उरली होती. त्यांच्यासाठी पाड्याने एक रीत घातली होती. ढोर मेलं की मालकाने स्वतः आजोबांना बोलवायला जायचं. ढोराला हात लावण्याआधी आजोबा विचारणार, “शेवटची सुई कंची?” मालकाने रिकामी बाटली त्यांच्या तळहातावर ठेवायची. सुई दिलीच नसेल तर आपला हात उताणा करून दाखवायचा. यात कुणी खोटं बोलत नसे. उत्तर मिळाल्यावरच गाडी जुंपायची.

कुंपणाजवळ एक पाटी होती. आजोबांना वाचता येत नव्हतं. पावसाने रंग गेला का ते बघायला त्यांनी मला ती मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली. कोणती औषधं चालतात, कोणती नाहीत. न चालणाऱ्यांत पहिलं नाव होतं डायक्लोफेनॅक. नाव लांबलचक होतं म्हणून आजोबांनी दोनदा म्हणायला लावलं आणि मान हलवली. अजून दिसतंय, म्हणाले, बरंय.

परत आले तेव्हा मावशी गुडघा दाबत चुलीपाशी बसल्या होत्या. पत्रकं वाटत हिंडून पाय दुखतात म्हणून माझ्या पिशवीत गोळ्यांची पट्टी असते. नवी कोरी पट्टी होती, दहा गोळ्यांची. मी ती मावशींना दिली, जेवल्यावर एकच घ्या म्हणून सांगितलं. त्यांनी ती कनवटीला लावली. मी नागलीची भाकरी खाल्ली आणि झोपले.

पहाटे बैल गेला.

मावशी रडल्या नाहीत. त्याची शिंगं पुसली, कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि स्वतः आजोबांना बोलवायला गेल्या. आजोबा आले, बैलाच्या डोक्याशी उभे राहिले आणि विचारलं, “शेवटची सुई कंची?” मावशींनी डॉक्टरांनी दिलेल्या सुईची बाटली त्यांच्या हातावर ठेवली. आजोबांनी ती माझ्याकडे दिली. वाचणारं माणूस घरातच होतं. मी बाटली उजेडात धरली आणि वाचली, मेलॉक्सिकॅम. पाटीवर ‘चालते’ या रकान्यात होतं. मी म्हटलं, चालेल. मला, खरं सांगायचं तर, त्या क्षणी थोडा अभिमान वाटला. कालच्या हसण्याची भरपाई झाल्यासारखा.

गाडी माळाकडे गेली. मावशी दारातून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “जाऊ दे, वर जाईल आता.” पाड्यात तसं मानतात. गिधाडाने खाल्लेलं ढोर आभाळात जातं, पुरलेलं मातीत अडकतं.

उन्हं वर आली तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. पाय अजून ठणकत होते, म्हणून मावशींना म्हटलं, कालच्यातली एक गोळी मला परत द्या.

“नाय उरल्या,” मावशी म्हणाल्या. “बैलाला दिल्या. रातभर कण्हत होता. नागलीच्या पिठाच्या गोळ्यात घालून चारल्या सगळ्या. माणसाचं औषध, काय वाईट करंल?”

फाटलेली पट्टी चुलीजवळ पडली होती. वर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव होतं. त्याच्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, कालच मी मोठ्याने दोनदा वाचलेलं नाव होतं.

मी पट्टी उचलली. धावले. मावशींना माझ्या तोंडावरूनच काहीतरी कळलं असावं, त्या गुडघा धरून मागून यायला लागल्या.

माळाच्या अलीकडे मोहाच्या झाडाखाली आजोबा आणि गाडीवाला बसले होते. गिधाडं उतरली की कुणी आत जायचं नाही, लांबून बघायचं, अशी तिथली पद्धत. मी पट्टी पुढे धरली आणि सांगितलं.  आजोबांनी एवढंच विचारलं, “किती?” मी म्हटलं, “दहा.” त्यांनी डोक्याचं फडकं काढलं आणि ते धावत सुटले. त्या वयाचं माणूस इतकं धावू शकतं हे मला माहीत नव्हतं.

कुंपणाच्या फाटकापाशी मी वर पाहिलं आणि थांबले. थांबायला नको होतं, पण पायच थांबले.

ती उतरत होती. आधी ठिपके, मग रेघा, मग एकदम आडव्या, रुंद फळ्या. पंख हलत नव्हते. पाय खाली सोडलेले, बोटं पसरलेली. सुपातून धान्य पाखडताना होतो तसा आवाज, पण आभाळाएवढ्या सुपाचा. एक माझ्या डोक्यावरून गेलं तेव्हा त्याच्या वाऱ्याने माझी ओढणी उडाली आणि माझ्या अंगावरून, कुंपणावरून, कातळावरून एक सावली इतका वेळ सरकत राहिली की मला वाटलं, हे संपणारच नाही. मी पंचवटीत वाढले, देव मला भिंतीवर रंगवलेले माहीत होते. असं काही मी पाहिलं नव्हतं. जमिनीवर आल्यावर ती उंच होती, माझ्या कमरेच्या जवळपास. उघडी मान, लांब फिकट चोच, आणि डोळे शांत. नखं मात्र बोथट होती, कोंबडीच्या पायासारखी. ते पाय काही पकडण्यासाठी केलेले नव्हतेच. शब्दकोशाने ज्यांच्या रांगेत त्यांना बसवलं होतं त्यांच्यातलं कुणी त्या पायांनी एक उंदीरही धरू शकलं नसतं.

“उठव,” आजोबा आतून ओरडले. “बाय, उठव त्यांना.”

मी आत शिरले. जन्मभर ज्या पक्ष्याला मी जाड ठशात चालते व्हा म्हणत आले होते त्याला मी आता खरोखर हाकलत होते, तो मरू नये म्हणून. हात पसरून, ओढणी फिरवून, घसा बसेपर्यंत. ती घाबरून उडाली नाहीत. दोन उड्या मागे गेली आणि बघत राहिली. भुकेली होती. पुन्हा पुढे आली. आम्ही पुन्हा धावलो. मग एकेक करून वाकड्या, जड उड्या मारत ती उठली आणि पलीकडच्या बांधावर जाऊन बसली.

एक मात्र आधीच बैलाच्या डोक्यावर होतं. त्याने डोळा काढलेला होता. आजोबांनी फडकं फेकलं तेव्हा ते उडालं, आणि पंख उघडला तेव्हा उजव्या पंखात एक पीस नसल्याची फट दिसली. त्या फटीतून आभाळ दिसत होतं.

आजोबा तिथेच बसले. “कड्यावरचं हाय ते,” म्हणाले. “त्याचं पिल्लू हाय घरट्यात.”

मावशी फाटकात उभ्या होत्या. त्यांना आता सगळं समजलं होतं. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू शिकलेली ना ग? बाटली वाचलीस. मग हे का नाय वाचलं?”

 

बैलावर आधी काटेरी फांद्या टाकल्या. मग खड्डा. माळावर वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ, म्हणून बैल गाडीवर घालून परत खाली, नाल्याच्या काठी न्यावा लागला. सगळा पाडा पहारी घेऊन आला. मीही खणलं, हाताला फोड आले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं. मावशींनी मिठाचं पोतं आणून दिलं. माती लोटायला लागले तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. “वर जायचा तो,” म्हणाल्या, “खाली घातला.”  गिधाडं संध्याकाळपर्यंत बांधावर बसून होती. मग वर उचलणारा गरम वारा संपायच्या आत, उपाशीच, उठून गेली.

मी दुसऱ्या दिवशी नाशिकला गेले नाही. आजोबा सांगत होते की विष लागलं असेल तर दोन-तीन दिवसांत कळतं. पक्षी एका जागी बसतो, मान गळते, सावरतो, पुन्हा गळते. कड्यासमोरच्या टेकाडावर ते सकाळी जाऊन बसले आणि मीही गेले. आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. बघणं एवढंच.

फटीचं गिधाड घरट्याच्या कपारीत होतं. पिल्लू म्हणजे मळक्या कापसाचा गोळा. दुपारपर्यंत ते मोठं गिधाड हललं नाही आणि उन्हात त्याची मान खाली गेली. मी आजोबांकडे बघितलं. उन्हात सगळीच खाली घालतात, ते म्हणाले. पण त्यांनी तंबाखू मळायची थांबवली होती.

मोबाईलला रेंज त्याच टेकाडावर यायची. मी बाबांना फोन केला, झालेलं सांगितलं आणि म्हटलं, मथळा बदलायचा, बाकीची पत्रकं वाटू नका.  ते म्हणाले, गिधाड म्हटलं की लोकांना कळतं.

“काय कळतं बाबा?”

“हेच. की दुसऱ्याच्या मरणावर जगतात.”

मी म्हटलं, आपणही तेच करतो की, मटण-मासळी खातो तेव्हा. आणि हे दलाल कुणाच्या मरणाची वाटही बघत नाहीत. बाबा चिडले. तीस वर्षं हा शब्द वापरतोय, म्हणाले, तू दोन दिवस डोंगरात काय राहिलीस, पक्ष्यांची वकील झालीस. मग काय लिहू मी?

“दलाल लिहा. ते दलाल आहेत.”

“त्यात दम नाही.”

“त्यांची नावं लिहा मग. कोणत्या दिवशी कुणाचा अंगठा घेतला ते लिहा. दम येईल.”

त्यांनी फोन ठेवला.  मला समजत होतं की इतकी वर्षं आम्ही माणसांना जनावरं म्हणत आलो आणि त्यात माणसाचं नाव-गाव सांगायचं राहून गेलं. ते सोपं होतं. लांडग्यावर खटला भरता येत नाही. आणि बाबांना हे दुखावल्याशिवाय सांगता येणार नव्हतं, हेही समजत होतं.

तिसऱ्या दिवशी फटीचं गिधाड घरट्यात नव्हतं. तिथे त्याचा जोडीदार बसलेला होता. आम्ही कड्याखालची दगडधोंड्यांची घळ दोन वेळा पालथी घातली. एखादं मेलेलं पडलं तर तिथेच पडणार. काही सापडलं नाही. सापडलं नाही याचा अर्थ काय घ्यायचा ते दोघांनाही ठरवता येईना. संध्याकाळी मावशींनी मला पानात भाकरी वाढली, त्याच्यावर ठेचा ठेवला आणि विचारलं, “दिसलं?” मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

चौथ्या दिवशी त्याही आमच्यासोबत टेकाडावर आल्या. गुडघ्याला फडकं बांधून, काठी टेकत, दर दहा पावलांनी थांबत. गोळी मागितली नाही. माझ्याकडे असती तरी घेतली नसती.

ऊन तापलं. कड्यावरून एक गिधाड गेलं, अखंड पंखांचं. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही. मी डोळ्यांवर हात धरून आभाळ बघत होते आणि मला पहिल्यांदाच ते किती खोल आहे ते जाणवत होतं, त्यात एवढा मोठा पक्षी हरवून जाऊ शकतो इतकं. आजोबांनी माझा दंड धरला. 

डोंगरापलीकडच्या सुरगाण्याच्या बाजूने ते आलं. खूप उंचावर होतं तरी आजोबांना आधी कळलं, मला कड्याजवळ वळलं तेव्हा दिसलं. उजव्या पंखात फट, फटीत आभाळ. ते कपारीसमोर आलं, वाऱ्यावर क्षणभर तसंच लटकून राहिलं आणि पाय पुढे करून उतरलं. गळ्याखालची पिशवी फुगलेली होती. कापसाचा गोळा उठला, धडपडला आणि त्याने आपलं पूर्ण डोकं आईच्या, की बापाच्या, चोचीत घातलं. मोठं गिधाड मान वाकवून उभं होतं. दगडावर ओघळलेलं ते बारीक चोचीने टिपून पुन्हा पिल्लाला देत होतं. ज्या जीवाला आम्ही अधाशी म्हणत होतो तो इतक्या निगुतीने घास भरवत होता की मला श्वास मोठ्याने घ्यायला नको वाटलं. 

मग मावशी खाली बसल्या, पाय लांब केला.

“कुणाचं ढोर खाल्लं असंल?” त्यांनी विचारलं.

आजोबांनी सुरगाण्याच्या बाजूला बघितलं. तिकडे त्यांची रीत नव्हती. तिथे ढोर मेल्यावर कुणी काही विचारतं का, आणि विचारलं तरी सुईचंच विचारतं की घरातल्या गोळ्यांचंही, हे त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे आजचं पोट भरलेलं होतं, पण कशाने, ते कुणी सांगू शकत नव्हतं.

“जाऊन इचारलं पायजे,” ते म्हणाले.

खाली येऊन मी पत्रकांच्या गठ्ठ्यातला एक कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर ती फाटलेली पट्टी चिकटवली. मुंगीएवढं नाव मोठ्या अक्षरांत लिहून काढलं. खाली लिहिलं की ढोर मेलं तर सुईचं सांगा आणि गोळीचंही सांगा. मथळा दिला नाही. मावशींनी तो कागद वाचून दाखवायला लावला, मग म्हणाल्या, यात नागलीचा गोळा टाक, तसं लिहिलंस तरच बायांना कळंल. मी टाकला. दुपारच्या उन्हातच आजोबा आणि मी पलीकडच्या उतारावरून खाली, सुरगाण्याकडे निघालो.